कार्डावरचं सगळं खरं होतं

सप्टेंबर २०२४. गौरी जेवणाचा दिवस, म्हणून ऑफिस दुपारपर्यंतच उघडं ठेवलं होतं. कुलूप लावणार तेवढ्यात गुरुजी आले. चौथीला त्यांनी मला शिकवलंय. आजही ते समोर आले की मी खुर्चीतून उठतो. खाली न बसताच त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"हे वाच बरं. कसले पैसे मागतायत?"

विमा कंपनीचा मेसेज होता. नूतनीकरणाचा हप्ता ५,११,२५० रुपये, अमुक तारखेच्या आत भरावा.

"गुरुजी, पॉलिसीचा दुसरा हप्ता आहे हा."

"दुसरा कुठला? एकदाच भरायचे होते. मागच्या वर्षी भरले की मी."

त्यांचा आवाज शांत होता, पण हात थरथरत होते. निवृत्तीनंतर त्यांना महिना साधारण ४१ हजार पेन्शन मिळत होती. वर्षाची सगळी पेन्शन एकत्र केली तरी हा एक हप्ता पुरा होत नव्हता.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कर सल्लागार आहे. लोकांची विवरणपत्रं भरतो, जीएसटी पाहतो. गुरुजींचं हे प्रकरण त्यांच्या संमतीने सविस्तर लिहितोय. त्यांचं नाव, बँक, विमा कंपनी आणि तो अधिकारी, कुणाचंच नाव देत नाही. लिहायचं कारण एकच आहे. यात कुणीही तोतया नव्हता. पदवी खोटी नव्हती, पद खोटं नव्हतं, प्रमाणपत्रं खरी होती. तरीही एका शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी वर्षभरात अडकून पडली.

गुरुजी ३१ मे २०२३ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. नोव्हेंबर २००५ च्या आधीची नेमणूक, म्हणजे जुनी पेन्शन. ग्रॅच्युइटी, जीपीएफ आणि पेन्शन विक्रीचे पैसे असे मिळून ऑगस्टपर्यंत सुमारे ३८ लाख रुपये खात्यात जमा झाले. मुलगा पुण्यात आयटीत. त्याच्याच सांगण्यावरून आधी एका खासगी बँकेच्या तालुक्यातल्या शाखेत बचत खातं काढलं होतं. पैसे जमा झाल्याच्या चौथ्या दिवशी शाखेतून फोन आला. "काका, एवढी मोठी रक्कम नुसती सेव्हिंगला ठेवू नका. साहेब स्वतः बोलणार आहेत तुमच्याशी."

मोठी रक्कम जमा झाली की शाखेतल्या यादीत ते खातं वर येतं आणि कुणाच्या तरी महिन्याच्या टार्गेटमध्ये जातं. गुरुजींना याची कल्पना असायचं कारण नव्हतं. त्यांना वाटलं, बँकेने आपली कदर केली.

ते आणि काकू दोघं गेले. काचेची केबिन, एसी, चहा. समोर तिशीतला नम्र मुलगा. त्याने उभं राहून दोघांना नमस्कार केला, काकूंना खुर्ची ओढून दिली आणि दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं. ते कार्ड आज माझ्या फाइलमध्ये आहे. जाड, किंचित खरखरीत कागद. नावाखाली उठावदार अक्षरांत: असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, वेल्थ मॅनेजमेंट. त्याखाली एमबीए (फायनान्स). त्याखाली एनआयएसएम सर्टिफाइड. टेबलावर चौकटीत एमडीआरटीचं प्रमाणपत्र उभं केलेलं. काकूंना ते अजून आठवतं, कारण त्यावर सोनेरी शिक्का होता.

"व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे उपाध्यक्षच की," गुरुजी मला नंतर म्हणाले. "एवढ्या मोठ्या बँकेचा उपाध्यक्ष आपल्याशी दोन तास बोलतो म्हटल्यावर मी काय शंका घेणार?"

यात गुरुजींना दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यांचं सगळं आयुष्य अशा व्यवस्थेत गेलं जिथे पद म्हणजे जबाबदारी. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी. प्रत्येक पदाला अधिकार ठरलेले, सहीला वजन, चूक झाली तर चौकशी. त्याच चष्म्यातून त्यांनी कार्ड वाचलं. खासगी बँकेत असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट ही पगाराची एक श्रेणी असते आणि एकाच बँकेत त्या श्रेणीचे ढीगभर लोक असतात, हे त्यांना कुणी सांगितलं असतं?

त्या दोन तासांत काय बोलणं झालं ते मी गुरुजींकडून आणि काकूंकडून वेगवेगळं ऐकलं, म्हणजे एकाच्या आठवणीने दुसऱ्याची आठवण रंगू नये. दोघांचं जुळलं. मुलाने आधी घरची चौकशी केली: मुलीचं लग्न झालंय का, कर्ज आहे का, कुणाला दुखणं आहे का. मग कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने आकडे लिहिले. "५ लाख", पुढे बाण, "७ वर्षं", पुढे बाण, "९ लाख गॅरंटीड". खाली दोनदा रेघ मारलेली. तोंडाने म्हणाला, "एफडीसारखंच आहे काका, फक्त यात विमापण मिळतो आणि टॅक्सपण नाही." बाकीच्या पैशांतले १५ लाख म्युच्युअल फंडांच्या सहा योजनांत, राहिलेले मुदत ठेवीत.

सह्या झाल्या. फॉर्म इंग्रजी, सह्या मराठी. दोन दिवसांनी विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला. तो यायच्या आधी त्या मुलाने सांगून ठेवलं होतं की सगळ्याला "हो" म्हणा, नाहीतर प्रक्रिया अडकते. गुरुजींनी सगळ्याला हो म्हटलं.

गौरी जेवणाच्या त्या संध्याकाळी घरी न जाता मी गुरुजींची पिशवी टेबलावर रिकामी केली. पिशवीत पॉलिसीचं पुस्तक, फॉर्मच्या प्रती आणि पासबुक. गुरुजींच्या मुलाच्या ईमेलवर येत असलेली फंडांची एकत्रित विवरणपत्रं मी त्याला फोन करून मागवली. त्याने ती कधी उघडलीच नव्हती.

पॉलिसी पारंपरिक हमी योजनेची. वार्षिक हप्ता ५ लाख, हप्ते भरायची मुदत ७ वर्षं. पहिल्या वर्षी साडेचार टक्के जीएसटी धरून ५,२२,५०० गेले होते, पुढच्या वर्षांना सव्वादोन टक्के. म्हणूनच मेसेजमध्ये ५,११,२५०. कार्डामागचं "७ वर्षं" म्हणजे गुरुजींच्या समजुतीने पैसे ठेवायची मुदत, आणि कागदाप्रमाणे सात वेळा पाच-पाच लाख. लाभाच्या तक्त्यावर, जिथे वर्षावार हप्त्यांचा रकाना आहे, त्याच पानावर खाली गुरुजींची वळणदार सही.

प्रपोजल फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात "बिझनेस" लिहिलेलं. वार्षिक उत्पन्न १८ लाख. अक्षर गुरुजींचं नव्हतं.

तिथे मी थांबलो. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला वर्षाला ५ लाखांची पॉलिसी कंपनीच्या छाननीत बसली नसती. ती बसावी म्हणून त्यांना व्यापारी केलं होतं.

असं का करावं लागलं, त्याचं उत्तर कमिशनच्या गणितात सापडतं. विमा नियामकाच्या २०१६ च्या नियमांत एकरकमी हप्त्याच्या बचत पॉलिसीवर कमिशनची कमाल मर्यादा २ टक्के होती. दरवर्षी हप्ता असलेल्या पॉलिसीवर मुदत वाढेल तसं पहिल्या वर्षाचं कमिशन वाढत जायचं, ते १२ वर्षं आणि त्यापुढे ३५ टक्क्यांपर्यंत. एप्रिल २०२३ पासून प्रत्येक पॉलिसीवरची अशी वेगळी मर्यादा काढली आणि कंपनीच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून कमिशन ठरवायची मुभा दिली. पण कल तोच राहिला. गुरुजींना हवी असलेली एकदाच भरायची पॉलिसी विकणाऱ्याच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी होती.

ही सगळी वजाबाकी मी करतोय तोवर गुरुजी समोर बसून होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे तो मुलगा खोटा होता का? त्याची डिग्री वगैरे?"

मीही आधी तेच तपासलं होतं. खोटं काही निघालं नाही. फॉर्मवर छापलेला बँकेचा एआरएन, म्हणजे ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडचा वितरक नोंदणी क्रमांक, चालू होता. विमा विकायची बँकेची नोंदणी चालू होती. एमबीए खरं, नोकरी खरी, श्रेणी खरी. आपल्याकडे फसवणुकीच्या बातम्या येतात त्या स्वतःला बिरुदं लावून घेणाऱ्यांच्या. 'बाप ऑफ चार्ट' नावाने शेअर बाजाराचे सल्ले विकणाऱ्यावर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला आणि १७.२ कोटी रुपये जमा करायला सांगितले. लोकांना नफ्याचं गाजर दाखवणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा बाजारातला तोटा जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात जवळपास ३ कोटींचा होता, असं सेबीच्या तपासात आलं. अशा बातम्या वाचून आपण शिकतो काय, तर माणूस खरा की खोटा ते बघा. गुरुजींच्या बाबतीत हा प्रश्न विचारूनही काही हाती लागलं नसतं.

विचारायचा प्रश्न होता: या उपाध्या कोण देतं आणि कशासाठी देतं?

एमडीआरटी घ्या. मिलियन डॉलर राउंड टेबल ही संस्था १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ३२ विमा विक्रेत्यांनी सुरू केली. तिचं सभासदत्व मिळतं ते वर्षभरात किती कमिशन मिळवलं किंवा किती हप्ता गोळा केला यावर. तिप्पट केलं तर 'कोर्ट ऑफ द टेबल', सहापट केलं तर 'टॉप ऑफ द टेबल'. त्या धंद्यात तो मान कष्टाने मिळतो, त्याला मी नाव ठेवत नाही. माझ्या ओळखीत असे एजंट आहेत जे एमडीआरटी आहेत आणि रात्री दोन वाजता ग्राहकाच्या दवाखान्यात हजर होतात. पण टेबलावरचं ते प्रमाणपत्र ग्राहकाला एवढंच सांगतं की या माणसाने पुष्कळ विकलंय. काकूंनी ते शाळेतल्या आदर्श शिक्षक पुरस्कारासारखं वाचलं.

एनआयएसएम ही सेबीने उभारलेली प्रशिक्षण संस्था, तिची परीक्षाही खरी. म्युच्युअल फंड विकणाऱ्यांसाठीची मालिका ५-ए म्हणजे १०० बहुपर्यायी प्रश्न, दोन तास, ५० गुणांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फंड विकायचा परवाना मिळण्यासाठी ती लागते. गुंतवणूक सल्लागारांसाठी त्याच संस्थेच्या १०-ए आणि १०-बी अशा दोन वेगळ्या परीक्षा आहेत. कार्डावर नुसतं "एनआयएसएम सर्टिफाइड" छापलं की यातली कोणती दिली ते कळत नाही.

सीएफपी, म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर, हे नाव गुरुजींच्या मुलाने काढलं. "सीएफपी असलेला माणूस असता तर असं झालं नसतं," तो फोनवर म्हणाला. अभ्यासक्रम चांगला आहे, त्याला अनुभवाचीही अट आहे. ज्ञानाबद्दल ती पदवी खात्री देते. पण तोच सीएफपी बँकेच्या पगारावर बसला की सोमवारी सकाळी त्यालाही टार्गेटचा तक्ता दाखवतातच. अमेरिकेत ज्येष्ठांना सल्ला देणाऱ्यांच्या नावापुढच्या उपाध्यांचा एवढा सुळसुळाट झाला की तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१३ मध्ये त्यावर अहवालच काढला आणि ५० हून अधिक उपाध्या मोजल्या.

आता कायदा त्या मुलाला काय म्हणतो ते पाहा. विमा विकताना तो 'स्पेसिफाइड पर्सन' होता, म्हणजे विमा विकायची नोंदणी बँकेची आणि तिच्या वतीने विकायला नेमलेला हा माणूस. फंड विकताना बँक 'वितरक' आणि तो वितरकाचा कर्मचारी. सल्लागार तो कुठल्याच कागदावर नव्हता. सेबीचे गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३ पासून आहेत. त्यांखाली नोंदणी झालेल्याला 'आयएनए'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, तो ग्राहकाकडून उघड फी घेतो, आणि ग्राहकाचं हित आधी पाहणं त्याला कायद्याने बंधनकारक असतं. असे नोंदणीकृत सल्लागार अख्ख्या देशात हजाराच्या आसपास. फंडांचे वितरक लाखाच्या वर. तालुक्याच्या गावात कोण भेटणार ते या आकड्यांवरूनच कळतं.

२०२० मध्ये सेबीने नियमात दुरुस्ती केली. नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला 'इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर', 'वेल्थ ॲडव्हायझर' किंवा तत्सम नाव लावायचं नाही. दुरुस्ती योग्यच होती. पण कार्ड छापणाऱ्यांनी 'ॲडव्हायझर'च्या जागी 'मॅनेजर' आणि 'मॅनेजमेंट' छापलं आणि काम तसंच चालू राहिलं. "तत्सम नाव" या शब्दांत 'वेल्थ मॅनेजर' बसायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. संपत्तीचं व्यवस्थापन करणारा माणूस सल्ला देत नसेल तर करतो काय?

माझ्या या मताचा पुरावा त्याच पिशवीत होता. फंडाच्या अर्जावर एआरएनच्या शेजारी ईयूआयएन नावाची चौकट असते. विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्याचा क्रमांक तिथे लिहायचा, म्हणजे उद्या तक्रार झाली तर कुणी सांगितलं होतं ते कळावं. २०१३ च्या सुमारास ही सोय आली ती नेमकी चुकीची विक्री पकडण्यासाठी. गुरुजींच्या सहाही अर्जांवर ती चौकट रिकामी होती. चौकट रिकामी असेल तर तिच्याखालच्या बारीक अक्षरांतल्या मजकुराशेजारी सही लागते. त्या मजकुराचा अर्थ असा: ही चौकट मी जाणूनबुजून रिकामी ठेवली आहे, कारण हा व्यवहार वितरकाच्या कर्मचाऱ्याशी किंवा रिलेशनशिप मॅनेजरशी कुठलीही चर्चा वा सल्ला न होता झाला आहे, किंवा त्याने योग्य नाही असं सांगूनही मी केला आहे.

सहा अर्ज. सहा वेळा गुरुजींची सही.

मी तो मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन तास बसलो होतो आम्ही. चहा दोनदा आला."

आयुष्यभर मुलांना "वाचल्याशिवाय सही करू नका" सांगणाऱ्या माणसाला तो क्षण किती जड गेला असेल ते मला दिसत होतं. काकूंना हे सांगू नकोस, असं ते म्हणाले. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं.

फंडांच्या एकत्रित विवरणपत्रात आणखी एक रकाना असतो. ऑक्टोबर २०१६ पासून सहामाही विवरणपत्रात वितरकाला प्रत्यक्ष किती कमिशन गेलं ते रुपयांत दाखवावं लागतं. मार्च २०२४ च्या विवरणपत्रात गुरुजींच्या सहा योजनांचं मिळून सहा महिन्यांचं कमिशन पावणेसात हजारांच्या आसपास होतं. "हे माझ्या पैशातून गेले?" त्यांनी विचारलं. हो, योजनेच्या खर्चातून, म्हणजे तुमच्याच पैशातून. "पण मी तर त्याला एक रुपयाही दिला नाही." मला वाटतं हा सगळा व्यवहार याच एका गैरसमजावर उभा आहे.

हातात दिवस थोडे होते. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते. तोवर ठरवायचं की दुसरा हप्ता भरायचा की पॉलिसी बंद पडू द्यायची. त्या पॉलिसीच्या अटींप्रमाणे दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर किंमत, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम, शून्य. म्हणजे सोडलं तर सव्वापाच लाख बुडाले, आणि वाचवायचे तर आणखी पाच लाख घाला. शाखेतून फोन आला तो हाच मुद्दा घेऊन: "काका, एक हप्ता भरून टाका, नाहीतर सगळं जाईल." पॉलिसी परत करायची फ्री लुकची मुदत केव्हाच संपली होती. तेव्हा छापील पॉलिसीला ती १५ दिवसांची होती. २०२४ पासून सगळ्यांना ३० दिवस केली.

आम्ही दुसरा हप्ता भरला नाही. जोखीम होती, ती गुरुजींना मी दोनदा समजावून सांगितली, आणि निर्णय त्यांचा होता. "चुकीच्या उत्तराखाली अजून एक ओळ लिहून ते बरोबर होत नाही," एवढंच ते म्हणाले.

तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत बँकेलाही प्रत. सव्वादोन पानांचा साधा मराठी अर्ज. त्यात आम्ही "फसवलं" हा शब्द एकदाही लिहिला नाही, फक्त कागद समोरासमोर ठेवले. प्रपोजलमध्ये व्यवसाय बिझनेस आणि उत्पन्न १८ लाख, शेजारी पेन्शन मंजुरीचा आदेश आणि दोन वर्षांची विवरणपत्रं. कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, निळ्या पेनाच्या आकड्यांसकट. आणि व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज, ऑगस्ट २०२३ चा: "सर, सिंगल पेमेंट, टेन्शन नाही." हा मेसेज गुरुजींनी नव्हे, काकूंनी शोधून काढला. त्या फोनमधून काहीच पुसत नाहीत.

कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांत आलं. फ्री लुक संपला आहे, पडताळणीच्या फोनवर आपण होकार दिला आहे, लाभाच्या तक्त्यावर आपली सही आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही.

मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे. ही वाट अनेकांना माहीत नसते म्हणून थोडं सांगतो. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की त्यापुढे वर्षभराच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात. गुरुजींनी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. रेघी कागद, डाव्या बाजूला समास, मुद्द्यांना क्रमांक. उत्पन्नाच्या रकान्याबद्दलचा मुद्दा त्यांनी पहिला घेतला, आणि मला वाटतं तोच निर्णायक ठरला. फोनवरच्या "हो"चं स्पष्टीकरण देता येतं, सहीचंही देता येतं. पेन्शनरला व्यापारी कुणी केलं, याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं.

सुनावणीची तारीख लागली आणि तिच्या आधीच कंपनीकडून फोन आला, की पॉलिसी रद्द करून पहिला हप्ता परत देतो. मार्च २०२५ मध्ये पैसे जमा झाले. व्याज मिळालं नाही. व्याजासाठी लढावं असं मला वाटत होतं, पण गुरुजी थकले होते. मी आग्रह धरला नाही.

पण यात जे गेलं ते फक्त दीड वर्षाचं व्याज नाही. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आठवा. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि व्याजदर ८.२ टक्के होता. वयाची अट ६०, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत खातं काढता येतं. ती मुदत तेव्हा एक महिन्याची होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांची केली. म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये गुरुजी ३० लाख तिथे ठेवू शकत होते. दर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला साडेवीस हजार, पेन्शनवर वरकड. सरकारची हमी. पोस्ट त्या बँकेच्या समोर आहे, रस्ता ओलांडला की.

त्या काचेच्या केबिनमध्ये हे नाव निघालंच नाही. ती योजना सुचवून त्या मुलाच्या टार्गेटमध्ये एक रुपयाही पडला नसता. त्याला ती माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही, त्याचं एमबीए खरं आहे.

पैसे परत आल्यावर गुरुजी माझ्याकडे पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "आता तूच सांग कुठे ठेवू." इथे मला माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. माझ्या दाराच्या पाटीवर 'कर सल्लागार' लिहिलंय. त्या 'सल्लागार' शब्दाने गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा अधिकार मला मिळत नाही. सनदी लेखापालांना त्यांच्या कामाच्या ओघात असा सल्ला देण्यापुरती सेबीच्या नियमांत सूट आहे. मी सनदी लेखापाल नाही. गावात लोक मलाही "साहेब" म्हणतात, आणि माझ्या पाटीवर विश्वास ठेवूनच गुरुजी तो प्रश्न विचारत होते, जसा त्यांनी कार्डावर ठेवला होता. मी नाही म्हणालो. त्यांना ते लागलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत सल्लागारांची यादी आहे, ती आम्ही दोघांनी बसून पाहिली. पुण्यातल्या एका बाईंशी बोलणं झालं. त्यांनी एकदाची १२ हजार फी सांगितली, करारनामा पाठवला, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की कुठल्याही योजनेतून त्यांना कमिशन मिळत नाही. गुरुजींना १२ हजार फार वाटले. "नुसत्या सांगण्याचे?" मी सहामाही विवरणपत्रातला पावणेसात हजारांचा रकाना परत त्यांच्यापुढे ठेवला आणि त्याला दोनने गुणायला सांगितलं. पाटीवरच्या गणितासारखं ते त्यांनी तोंडी केलं. तरी होकार द्यायला आठवडा घेतला.

त्या बाईंनी सहापैकी चार योजना बंद करायला सांगितल्या, दोन ठेवल्या. मे २०२५ मध्ये गुरुजी ६० वर्षांचे झाले आणि त्याच आठवड्यात पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं निघालं. खिडकीवरच्या बाईंचं कार्ड नव्हतं. त्यांनी फॉर्मवर बोट ठेवून वारसाचा रकाना राहिलाय म्हणून सांगितलं, एवढंच.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. त्या सहा रिकाम्या चौकटींबद्दल आम्ही बँकेला वेगळं पत्र दिलं होतं: आपल्या अधिकाऱ्याने दोन तास चर्चा करून या योजना निवडून दिल्या, मग चर्चा झाली नाही असं आमच्याकडून का लिहून घेतलं? उत्तर दोन ओळींचं आलं. अर्जावर ग्राहकाची सही आहे आणि व्यवहार ग्राहकाच्या सूचनेनुसार झाला आहे. पत्राखाली सही करणाऱ्याचं पद होतं, सीनियर व्हाइस प्रेसिडेंट. गुरुजींनी ते पत्र माझ्याकडून मागून घेतलं. पुढचं पत्र ते स्वतः लिहितायत. मसुदा परवा दाखवायला आणला होता, त्यात पहिला प्रश्न क्रमांक टाकून लिहिलाय: १) आपल्या पदनामाचा अर्थ काय, आणि त्या पदावरून आपण ग्राहकाला नेमकं कशासाठी जबाबदार असता, ते कृपया लेखी कळवावे.